रिपोर्टमध्ये 'बेसल सेल कार्सिनोमा', पण आईच्याही नाकाजवळ तशाच पुळ्या. दुसरं मत घ्यावं का?

रानजाई | ३ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माझी धाकटी बहीण, वय २७. वयात आल्यापासून तिच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना, हसताना गालाची घडी पडते तिथे, बारीक पुळ्या आहेत. कातडीच्याच रंगाच्या, टणक, ज्वारीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान. पिकत नाहीत, दुखत नाहीत, खाजत नाहीत. मुरुमं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मलमं झाली, फेसवॉश झाले, काही फरक नाही. हळूहळू कपाळावर आणि वरच्या ओठावरही आल्या.

मध्यंतरी ती लेझरची चौकशी करायला एका ठिकाणी गेली. तिथे एक पुळी वरच्यावर खरवडून तपासायला पाठवली. रिपोर्ट आला: 'बेसलॉइड निओप्लाझम, बेसल सेल कार्सिनोमाची शक्यता अधिक'. मग एका सर्जनकडे पाठवलं. ते म्हणाले हा कातडीचा कॅन्सर आहे, सगळ्या पुळ्या आजूबाजूच्या कातडीसकट काढायच्या आणि नाकाजवळ कानामागची कातडी लावायची. तारीखसुद्धा देऊन टाकली.

घरात सुतक पडल्यासारखं झालंय. पण मला एक गोष्ट खटकतेय. आईच्या नाकाजवळ अगदी अश्शाच पुळ्या आहेत, माझ्या जन्माच्या आधीपासून. लग्नाच्या फोटोतसुद्धा दिसतात. हा कॅन्सर असेल तर आई इतकी वर्षं ठणठणीत कशी?

दुसरं मत घ्यायचं तर कुणाचं? स्किनवाल्यांचं, कॅन्सरवाल्यांचं की प्लॅस्टिक सर्जनचं?

घाटवाट | ३ जुलै, रात्री १०:०५

ताई, आधी ती ऑपरेशनची तारीख पुढे ढकला. बेसल सेल असलाच तरी तो महिन्याभरात पळून जाणारा आजार नाही, एवढं मला माहीत आहे. बाकी इथले डॉक्टर लिहितीलच.

गुलबकावली | ३ जुलै, रात्री १०:३२

आमच्याकडे मस, चामखीळ, असल्या पुळ्या सगळ्यावर चुना आणि धुण्याचा सोडा कालवून टाचणीच्या टोकाने लावतात. दोन-तीन दिवसांत खपली पडते. माझ्या जाऊबाईंनी केलंय. उगाच चिरफाड कशाला?

शमा_के | ३ जुलै, रात्री १०:४१

गुलबकावली, कृपा करून नको! तो सरळसरळ कातडी जाळायचा प्रकार आहे. वर व्रण राहतो आणि खाली काय होतं ते कुणालाच कळत नाही. उद्या तपासायला काही उरायला तर पाहिजे.

गुलबकावली | ३ जुलै, रात्री १०:४४

माझा प्रतिसाद काढून टाकता येत असेल तर काढा संपादक. मी आपलं ऐकलेलं सांगितलं.

डॉ_खडीसाखर | ३ जुलै, रात्री ११:२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिलेल्या वर्णनावरून निदान करणार नाही, तसं कुणी करूही नये. पण रानजाई, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो त्या सर्जननी विचारायला हवा होता.

काही गोष्टी घरी विचारून, पाहून लिहा. आईच्या डोक्यावर केसांत काही गाठी आहेत का? आजी, मामा, मावश्या, त्यांची मुलं यांच्यापैकी कुणाला असं काही? बहिणीच्या आणि आईच्या तळहातांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का? (पाच-दहा मिनिटं हात पाण्यात ठेवून पाहा, मग नीट दिसतात.) जबड्यात गाठ झाली म्हणून कुणाचं दाताच्या डॉक्टरकडे ऑपरेशन झालंय का? लहानपणी फिट्स, अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग? आणि या सगळ्या पुळ्यांमध्ये एखादीच वेगळी वाटते का, म्हणजे वाढतेय, मध्ये खोलगट झालीय, खपली धरते, खपली निघाली की रक्त येतं?

दुसरं मत दोघांचं घ्यायचं. एक स्किनचे डॉक्टर, आणि दुसरा पॅथॉलॉजिस्ट. दुसऱ्याला लोक विसरतात.

रानजाई | ४ जुलै, रात्री ९:१५

डॉक्टर, खूप आभार. आज आईला विचारलं. आधी 'काही नाही गं, तू जेव' असं झालं. मग दार लावून घेतलं, अंबाडा सोडला आणि दाखवलं. डोक्याच्या मागच्या बाजूला तीन गाठी आहेत. गुळगुळीत, गुलाबीसर, त्यांच्यावर एकही केस नाही, सगळ्यात मोठी सुपारीएवढी. फणी अडकते म्हणून ती वर्षानुवर्षं तेवढा भाग बोटांनीच सोडवते. बाबांनाही माहीत नव्हतं! म्हणाली, तुझ्या आजीला याहून मोठ्या होत्या, ती पदर डोक्यावरून कधी खाली येऊ द्यायची नाही. धाकट्या मामाच्या नाकाजवळ पुळ्या आहेत, मोठ्या मामाला काही नाही.

तळहात दोघींचे स्वच्छ. जबड्याचं, फिट्सचं काही नाही. पांढरे डाग नाहीत. बहिणीच्या सगळ्या पुळ्या एकसारख्या, कुठलीच फुटलेली नाही.

डॉ_खडीसाखर | ४ जुलै, रात्री १०:५०

अंबाड्याखालच्या गाठींनी बरंच सांगितलं.

केसाच्या मुळाभोवती जी पिशवी असते, रोमकूप म्हणू, तिच्या वेगवेगळ्या भागांतून साध्या, निरुपद्रवी गाठी उगवतात. त्यांतली एक ट्रायकोएपिथेलिओमा. एकटीदुकटीही येते, आणि घराण्यात असेल तर वयात येताना नाकाच्या दोन्ही अंगांना गर्दी करते, कपाळ आणि वरचा ओठही धरते. मँचेस्टरच्या ब्रुक या डॉक्टरांनी १८९२ मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. काही घराण्यांत चेहऱ्यावर या पुळ्या आणि डोक्यावर सिलिंड्रोमा नावाच्या गुळगुळीत, बिनकेसांच्या गाठी, असं दोन्ही एकत्र चालतं. त्याला ब्रुक-स्पीगलर सिंड्रोम म्हणतात. १६ व्या गुणसूत्रावरच्या सीवायएलडी नावाच्या जनुकात बिघाड असतो. तो २००० साली सापडला. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही. तुमच्या मामांकडे पाहा, एकाला आहे, एकाला नाही.

आता मी तळहात का पाहायला सांगितले ते. 'घराण्यात आहे, पुष्कळ आहेत, म्हणजे साध्याच' असं समीकरण मांडू नका. गॉर्लिन सिंड्रोममध्ये खरेखुरे बेसल सेल कार्सिनोमा तरुण वयात, डझनांनी आणि घराण्यात येतात. तिथे तळहातांवर खड्डे असतात, जबड्याच्या हाडात सिस्ट होतात, डोक्याच्या एक्स-रेत मेंदूच्या दोन भागांमधल्या पडद्यावर चुना साठलेला दिसतो. गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये हे एकत्र मांडलं. त्यातलं जनुक निराळं, ९ व्या गुणसूत्रावरचं पीटीसीएच१. आणि फिट्स, पांढरे डाग विचारले कारण ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातही चेहऱ्याच्या मध्यभागी लहानपणापासून पुळ्या असतात.

तुमच्याकडची हकिकत पहिल्या बाजूला झुकते. पण शिक्का मारायचं काम काचेखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. @काचपट्टी, आहात का?

काचपट्टी | ५ जुलै, सकाळी ७:३०

आहे, आहे. रात्री धागा पाहिला, पण झोपेत लिहिण्यासारखा विषय नाही हा.

मी पॅथॉलॉजिस्ट. आमच्या धंद्यात काही जोड्या अशा आहेत की ज्यांच्यामुळे सहकाऱ्याच्या टेबलावर स्लाईड घेऊन जावंच लागतं, आणि ट्रायकोएपिथेलिओमा विरुद्ध बेसल सेल ही त्यातली मानाची जोडी. कारण उघड आहे. दोघांच्याही पेशी गर्भात केस उगवताना जो कोंब फुटतो, त्याच्या पेशींसारख्या दिसतात. लहान, गडद निळ्या, पुंजक्यांनी बसलेल्या, कडेच्या पेशी ओळीने उभ्या. ॲकरमन नावाचे एक नामांकित त्वचा-पॅथॉलॉजिस्ट तर म्हणत, की बेसल सेल हा केसकोंबाचाच कॅन्सर आहे, त्याला तसंच नाव द्या. सगळ्यांना पटलं नाही, पण त्यात तथ्य आहे. 'बेसलॉइड' या शब्दाचा अर्थ एवढाच की पेशी तशा दिसल्या. त्याच्यापुढचं वाक्य 'शक्यता अधिक' असं आहे, 'आहे' असं नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याने हात राखून लिहिलंय आणि वाचणाऱ्याने हात सोडून वाचलंय.

मग फरक कुठे पाहायचा? मी आधी भिंग कमी ठेवून अख्खी गाठ पाहतो. ट्रायकोएपिथेलिओमा किंवा तिची मोठी बहीण ट्रायकोब्लास्टोमा साधारण दोन्हीकडे सारखी असते, कडा नेटक्या, खाली कुठे मुळं सोडलेली नसतात. बेसल सेल वेडावाकडा पसरतो, वरच्या कातडीला चिकटलेला असतो, कधी वर जखम असते. मग फट पाहायची. बेसल सेलमध्ये पेशींचा पुंजका आणि त्याच्या भोवतीचा धागेदार भाग यांच्यामध्येच फट पडते, पुंजका सुटून आल्यासारखा दिसतो, आणि त्या जागी म्यूसिन नावाचा चिकट पदार्थ साठलेला असतो. ट्रायकोएपिथेलिओमात पुंजका आपल्या धाग्यांना धरून बसतो. फट पडलीच तर त्या धाग्यांच्या बाहेर, नाहीतर धाग्याधाग्यांत. शिवाय केस तयार करायचा अर्धवट प्रयत्न जागोजागी दिसतो: केराटिनने (केस-नखं ज्याची बनतात त्या प्रथिनाने) भरलेल्या बारीक पिशव्या, थोडा चुना, आणि केसाच्या मुळाशी असतो तसला पेशींचा छोटा कोंब. तो कोंब नीट दिसला की मला अर्धं हायसं वाटतं. उलट पेशी भराभर दुभंगताहेत, जागोजागी मरून पडताहेत, असं दिसलं की पारडं बेसल सेलकडे.

यातलं बरंचसं दिसायला गाठीचा तळ लागतो. वरच्यावर खरवडलेल्या तुकड्यात तळच नसतो! कडा नेटक्या आहेत की मुळं सोडलीत, हे मी पाहू कशावरून? रानजाईंच्या बहिणीचा तुकडा तसाच घेतलेला दिसतोय. अशा वेळी तीन-चार मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पोकळ पातं, घेऊन खोलवरची बायॉप्सी करावी, किंवा एक पुळी अख्खी काढून द्यावी.

आणि सोबतचा कागद! लॅबमध्ये नमुन्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं 'चेहऱ्यावरची गाठ, तपासा'. बस्स. वय २७, पुळ्या वयात आल्यापासून, दोन्ही बाजूंना पुष्कळ, आईला तशाच, आईच्या डोक्यावर गाठी, एवढं त्या कागदावर असतं तर तो रिपोर्ट वेगळा लिहिला गेला असता, असं माझं मत.

तरी अडलंच तर विशेष रंग लावता येतात, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. सीके२० लावलं की ट्रायकोएपिथेलिओमात मर्केल पेशी (कातडीतल्या स्पर्श जाणणाऱ्या पेशी) विखुरलेल्या चमकतात, बेसल सेलमध्ये सहसा नसतात. अँड्रोजन रिसेप्टर उलटा: पेशींत तो उमटला तर बेसल सेलची शंका बळावते. पण नाही उमटला म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, कारण कितीतरी बेसल सेलमध्येही तो उमटत नाही. पीएचएलडीए१ ट्रायकोएपिथेलिओमाच्या बाजूने बोलतं. बीसीएल२ आणि सीडी१० कुठे उमटतात, कडेला की सगळीकडे, गाठीत की भोवतीच्या धाग्यांत, तेही पाहतात. बेर-ईपी४ मात्र या जोडीत निरुपयोगी, दोघांतही येतं. एकट्या रंगावर कुणी निदान करत नाही. दोन-तीन लावायचे आणि मूळ चित्राशी ताडून पाहायचे. तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपतात त्या ब्लॉकमध्ये पुरेसा ऊतीभाग शिल्लक असेल तरच हे जमतं.

सर्वांत अवघड प्रकार वेगळाच. तरुण बाईच्या गालावर एकच, टणक, कडा उचललेली आणि मध्ये खळगा असलेली चकती. ती ट्रायकोएपिथेलिओमाचाच एक प्रकार, डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा, असू शकते, व्रणासारखा पसरणारा बेसल सेल असू शकतो, किंवा नसांच्या कडेकडेने सरपटणारा मायक्रोसिस्टिक ॲडनेक्सल कार्सिनोमा नावाचा कॅन्सर. तिथे छोट्या तुकड्यावर मी बोलतच नाही. पूर्ण काढून पाठवा म्हणतो.

सह्यवारा | ५ जुलै, सकाळी ९:०२

वाचनखूण साठवली. काचपट्टी सर, एक प्रश्न. आजकाल स्किनचे डॉक्टर ते भिंगवालं यंत्र लावून पाहतात, त्यात कळत नाही का? सुई-कात्री टळेल.

डॉ_खडीसाखर | ५ जुलै, दुपारी २:१०

डर्मोस्कोप. उपयोग होतो, पण याच जोडीत ते दगा देतं. बेसल सेलमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या ठसठशीत रक्तवाहिन्या, निळसर-करडे गोळे, पानासारखे तपकिरी कडेचे भाग, जखम. ट्रायकोएपिथेलिओमात मोत्यासारखी पांढरी पार्श्वभूमी, बारीक नाजूक वाहिन्या आणि पांढरे ठिपके पुष्कळ. गंमत अशी की फांद्यांसारख्या वाहिन्या दोघांतही दिसतात. कुठली पुळी बायॉप्सीला निवडायची हे ठरवायला मी ते वापरते. निकाल द्यायला नाही.

नीरजा_ठाणे | ५ जुलै, रात्री ८:५५

सगळं वाचून बरं वाटतंय, पण दुसरी बाजूही इथे नोंदवते, नाहीतर कुणीतरी हा धागा वाचून 'माझीही साधीच असेल' म्हणून बसेल.

माझे सासरे, वय ७१, आयुष्य शेतात गेलेलं. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली एक काळपट चकचकीत ठिपका आला. सगळे तीळ म्हणाले. दाढी करताना, तोंड पुसताना रक्त यायचं, खपली धरायची, बरी झाली वाटायची, की परत तेच. एका दवाखान्यात मलम देऊन पाठवलं. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. शेवटी बायॉप्सी केली तर पिगमेंटेड बेसल सेल. काढताना खालच्या पापणीचा भाग गेला, दोन ऑपरेशनं झाली. आता ठीक आहेत, पण डोळ्यातून सतत पाणी येतं.

डॉ_खडीसाखर | ५ जुलै, रात्री ९:३०

नीरजा, बरं झालं लिहिलंत. आपल्या सावळ्या कातडीत बेसल सेल बऱ्याचदा असाच काळपट येतो आणि तीळ म्हणून खपून जातो. उतारवयात नव्याने आलेली, एकटी, हळूहळू वाढणारी, बरी होऊन पुन्हा चिघळणारी गाठ ही बायॉप्सीची गाठ, मग ती कितीही छोटी असो. बेसल सेल दूरच्या अवयवांत जवळजवळ कधीच पसरत नाही. पण जागच्या जागी पोखरत जातो, आणि डोळा-नाक-कान यांच्या आसपास पोखरायला फार जागा नसते. लहान आणि कमी धोक्याचा असेल तर भोवतीची साधारण चार मिलिमीटर चांगली कातडी घेऊन काढतात. डोळ्याजवळ, नाकावर मोह्‌ज पद्धत उत्तम: थर काढायचा, तिथल्या तिथे सगळ्या कडा काचेखाली पाहायच्या, जिथे उरलाय तिथलाच पुढचा थर काढायचा. आपल्याकडे ती मोजक्याच ठिकाणी होते.

कांगारूंच्या_देशात | ६ जुलै, पहाटे ४:१०

ब्रिस्बेनहून. इथे उलटं टोक आहे. सत्तरीपर्यंत तीनपैकी दोघांना कुठला ना कुठला कातडीचा कॅन्सर होतो असं इथली कॅन्सर कौन्सिल सांगते, त्यामुळे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरसुद्धा नाकावर काही दिसलं की आधी बेसल सेलच म्हणतात. गोऱ्या म्हाताऱ्यांत ते बहुधा बरोबर निघतं. माझ्या सावळ्या नाकावरच्या पुळीलाही तेच म्हणाले. निघाला साधा केसाच्या मुळाचा ट्रायकोफॉलिक्युलोमा, मध्ये एक भोक आणि त्यातून पांढऱ्या लोकरीसारख्या केसांचा झुपका! मी तो झुपका रोज चिमट्याने उपटत होतो, ते डॉक्टरला सांगितलंच नव्हतं. लाज वाटत होती.

काचपट्टी | ६ जुलै, सकाळी ७:४५

झुपका सांगितला असता तर निम्मं निदान खुर्चीतच झालं असतं. :)

आबा_मिरजकर | ६ जुलै, सकाळी ११:२०

अवांतर आहे, पण कातडीच्या कॅन्सरवरून आठवलं. आमच्या लहानपणी 'धोतराचा कॅन्सर' म्हणत. कमरेला जिथे धोतर घट्ट बसतं तिथे आधी कातडी काळी, मग जाड, मग जखम. हेही तेच का?

काचपट्टी | ६ जुलै, दुपारी १:०५

आबा, तो वेगळा. तो स्क्वेमस सेल कार्सिनोमा, वर्षानुवर्षांच्या घासण्याने होणारा. टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये सहकाऱ्यासोबत त्यावर लिहिलं. पुढे साडीच्या परकराच्या नाडीखालीही तसाच होतो अशा नोंदी झाल्या. घरातल्या बायकांना सांगा, नाडी रोज त्याच रेषेवर आवळू नका, रुंद पट्टा वापरा. कमरेवरची न भरणारी जखम दाखवायला लाजू नका.

सह्यवारा | ६ जुलै, दुपारी ३:४०

हे असं साध्या गाठीला कॅन्सर म्हणणं नेहमीचं आहे का? भीती वाटायला लागली रिपोर्टांची.

काचपट्टी | ६ जुलै, रात्री १०:१५

नेहमीचं नाही, पण इतिहास आहे. काही मुलांच्या डोक्यावर जन्मतः पिवळसर, बिनकेसांचा चट्टा असतो, नीव्हस सेबेशियस. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की त्यात पुढे बेसल सेल होतो, म्हणून लहानपणीच काढून टाका. २००० मध्ये फ्रान्समधल्या मंडळींनी असे ५९६ नमुने पुन्हा बारकाईने पाहिले. खरा बेसल सेल शंभरात एकालाही नव्हता. ट्रायकोब्लास्टोमा त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पूर्वी ज्यांना बेसल सेल म्हटलं गेलं त्यातले पुष्कळ हे असणार. तेव्हापासून सरसकट लहानपणीच काढायचा आग्रह बराच ओसरला.

रिपोर्टांना भिऊ नका, फक्त रिपोर्ट आणि रुग्ण जुळत नसतील तेव्हा थांबा.

रानजाई | ७ जुलै, सकाळी १०:३०

ऑपरेशनची तारीख रद्द केली. सर्जन थोडे चिडले. आता स्लाईड दुसरीकडे दाखवायची म्हणजे नक्की काय करायचं? लॅब देते का?

काचपट्टी | ७ जुलै, सकाळी ११:१०

देते. लेखी अर्ज करा, स्लाईड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही मागा. नुसती स्लाईड नेऊन भागत नाही, ब्लॉक असला तरच नवे काप घेऊन रंग लावता येतात. मेणाचा छोटा चौकोनी ठोकळा असतो, प्लॅस्टिकच्या कॅसेटवर. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वितळतो. स्लाईड खोक्यात, कापसात. मूळ रिपोर्टची प्रत, बहिणीच्या चेहऱ्याचे जवळून काढलेले फोटो, आईच्या डोक्याचे फोटो, आणि आजी-मामा-आई-बहीण अशी एका कागदावर वंशावळ. ज्या पॅथॉलॉजिस्टला त्वचेची सवय आहे अशांकडे न्या. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचा आणि पॅथॉलॉजी विभाग एकत्र बसून स्लाईड पाहतात, ते सगळ्यात चांगलं. वंशावळ मात्र विसरू नका, माझ्या मते त्या पुडक्यात तीच सगळ्यात मोलाची.

रानजाई | २ ऑगस्ट, रात्री ९:५०

धागा वर काढतेय, सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

मुंबईला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखवलं. दोघींना समोर बसवून तपासलं, आईला केस सोडायला लावले, तळहात पाण्यात बुडवून पाहिले, दातांचा एक्स-रे काढला. बहिणीची कपाळावरची एक पुळी पंचने पूर्ण काढली आणि एक टाका घातला. जुना ब्लॉकही पाहिला, पण तुकडा फार उथळ आहे म्हणाले. नव्या नमुन्याचा रिपोर्ट: ट्रायकोएपिथेलिओमा. कडा नेटक्या, केराटिनच्या पिशव्या, सीके२० वर मर्केल पेशी दिसल्या, अँड्रोजन रिसेप्टर नाही. आईची मोठी गाठ काढली, ती सिलिंड्रोमा. काचपट्टी सर, तुम्ही सांगितलेली वंशावळ तिथल्या डॉक्टरांनी फाईलला लावून ठेवली.

आई आता रोज विचारते, एवढी साधी होती तर मी इतकी वर्षं लपवली कशाला.

आता बहिणीला चेहऱ्यावरच्या काढायच्या आहेत. लेझरने परत येतात का? आणि पुढे तिला मुलं होतील त्यांचं काय?

घाटवाट | २ ऑगस्ट, रात्री १०:०१

वा! पेढे पाठवा.

डॉ_खडीसाखर | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

छान बातमी. कार्बन डायऑक्साइड लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने पुळ्या सपाट करता येतात, दिसायला खूप फरक पडतो. पण पुळ्यांचा तळ कातडीत खोल असतो, म्हणून काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा येतात, आणि जनुकच तसं असल्यामुळे नव्याही येतात. एका बैठकीत सगळा चेहरा करू नका. एका कोपऱ्यातल्या थोड्या करून व्रण कसा राहतो ते पाहा, आपल्या कातडीत काळे डाग राहायची सवय आहे. उन्हात सनस्क्रीन.

आईच्या उरलेल्या दोन गाठींवर लक्ष असू द्या. क्वचित, फार वर्षांनी, सिलिंड्रोमा बिघडतो. एकाएकी वाढायला लागली, दुखायला लागली, फुटली, रक्त आलं तर लगेच दाखवायचं. बहिणीच्याही पुळ्यांपैकी एखादी बाकीच्यांपासून वेगळी वागायला लागली तर तेवढीच पुन्हा तपासायची. वर्षातून एकदा दोघींना त्वचातज्ज्ञाकडे बसवा, भांग पाडून पाडून डोकं पाहायला सांगा.

मुलांबाबत: प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता, आधीच्या बाळाला आहे की नाही यावर पुढच्याचं ठरत नाही. सीवायएलडीची जनुक चाचणी रक्तावर होते. आधी आईची किंवा बहिणीची करून बिघाड नेमका कुठे आहे ते सापडलं, तरच बाकीच्यांची करण्यात अर्थ. आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. तुम्हालाही विचारतील. तुमच्या चेहऱ्यावर काही नाही ना?

रानजाई | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

मला नाही. वय ३२.

डॉ_खडीसाखर | ३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

बहुतेकांना विशीपर्यंत दिसायला लागतात, पण काहींना उशिरा. केसांतही एकदा कुणाकडून तरी पाहून घ्या.

शमा_के | ३ ऑगस्ट, दुपारी १२:३०

याच धाग्यात विचारते, नवा काढत नाही. माझ्या ८ वर्षांच्या मुलाच्या दंडावर कातडीखाली खड्यासारखी कडक गाठ आहे. निळसर दिसते. दुखत नाही. हाही रोमकूपाचा प्रकार असतो का?

काचपट्टी | ३ ऑगस्ट, दुपारी २:२०

वर्णन पायलोमॅट्रिकोमासारखं आहे. मुलांत चेहरा, मान, दंड इथे येतो, आत चुना साठतो म्हणून खडा लागतो. कातडी ताणली की तंबूच्या कापडासारखे कोपरे उठतात का पाहा. काचेखाली केंद्रक गेलेल्या, नुसत्या बाह्यरेषा उरलेल्या फिकट पेशी दिसतात, ओळखायला सहसा अडचण नाही. आपणहून जात नाही, छोट्या ऑपरेशनने निघतो. पिळू नका, फोडू नका. आणि अंगावर अशा अनेक असतील तर मुलांच्या डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा, कारण क्वचित त्यामागे मायोटोनिक डिस्ट्रॉफीसारखा स्नायूंचा आजार असतो.

शमा_के | ३ ऑगस्ट, दुपारी २:५५

कोपरे उठतात! एकच आहे. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. काढल्यावर तपासायला पाठवायची का?

काचपट्टी | ३ ऑगस्ट, दुपारी ३:०१

पाठवायचीच. आणि फॉर्मवर वय, जागा, किती दिवसांपासून आहे, हे स्वतः वाचून घ्या, मगच नमुना जाऊ द्या.